विहिरीसाठी घरी जोडलेले बॅटरीवरचे दिवे : एका उन्हाळ्याच्या वापरानंतर

सांगली जिल्ह्यातील आमच्या मळ्यात दगडी पायऱ्यांची जुनी विहीर आहे आणि मे महिन्यात घरची मुले दिवस मावळला तरी पाण्याबाहेर यायला तयार नसतात. पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या अंधारात दिसत नाहीत आणि सूर मारणाऱ्याचे डोके त्यांवर आपटण्याची भीती असते. म्हणून यंदा कारंज्यासाठी विकले जाणारे १२ व्होल्टचे आणि प्रत्येकी ९ वॅटचे चार एलईडी दिवे, तसेच १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणून मी स्वतः जोडणी केली. वायर आणि किरकोळ सामान धरून साडेसहा हजारांच्या आसपास खर्च आला.

दिवे निवडताना माझी पहिली खरेदी चुकली. त्या दिव्यांवर आयपी ६८ असा, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरत नसल्याच्या दर्जाचा, शिक्का होता, पण ते आतून पोकळ होते आणि काचेभोवती फक्त एक रबरी रिंग होती. काठावर दहा मिनिटे पेटवून पाहिले आणि तसेच गरम असताना पाण्यात सोडले, तेव्हा थोड्याच वेळात काचेच्या आतल्या बाजूने दव धरले. दुसऱ्या दिवशी दिवा हलवला तर आत पाणी खळखळत होते. तापलेली हवा पाण्यात गेल्याबरोबर आकसते आणि रिंगच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. दिवे जेमतेम दीड मीटर खाली होते, तरी खोलीमुळे पडणारा दाबही त्यात भर घालतो. विक्रेत्याने ते बदलून दिले नाहीत. नंतर घेतलेले, रेझीन म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा पदार्थ भरलेले दिवे महिनाभर रोज पाण्यात राहूनही कोरडे आहेत, कारण त्यांच्यात हवेला जागाच नाही. त्यामुळे दिवा हातात घेतल्यावर शिक्क्यापेक्षा तो आतून भरीव आहे का, हे आधी पाहावे.

वायरच्या जोडाकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. बारीक तारांच्या वायरमधून पाणी वातीत तेल चढावे तसे आत सरकते आणि वरून कितीही चिकटपट्टी गुंडाळली तरी तांबे हिरवे पडते. मी प्रत्येक जोड झाळून त्यावर एपॉक्सी ओतले. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, ते तांब्याला खाते, म्हणून ते जोडाजवळ वापरू नये. बॅटरी कठड्यापलीकडे झाकणाच्या डब्यात ठेवली असून तिच्या तोंडाशीच ५ अँपिअरचा फ्यूज बसवला आहे. काठापासून दिव्यांपर्यंत १० मीटर वायर लागली. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्येही जाऊन-येऊन सुमारे पाऊण व्होल्ट खर्ची पडतो, तेव्हा त्याहून बारीक वायर घेऊ नये.

उजेडाबद्दल समाधान आहे, पण त्याला मर्यादा आहेत. निळा दिवा लावून पाहिला तेव्हा दृश्य देखणे होते, तरी पायऱ्या दिसेनात. आमच्या गढूळसर पाण्यात पांढराशुभ्र प्रकाशही धुक्यासारखा पसरला, आणि पिवळसर दिव्यांनीच दगडाची कड स्पष्ट दाखवली. दिवे पोहणाऱ्याच्या तोंडावर न रोखता भिंतीकडे वळवले की डोळे दिपत नाहीत. तरीही तळ दिसत नाही, म्हणून काठावर एक पट्टीचा पोहणारा बसल्याखेरीज आम्ही मुलांना उतरू देत नाही. चारही दिवे लावल्यावर बॅटरी पावणेचार तास चालली आणि तेवढा वेळ पुरेसा आहे.

ज्यांच्या विहिरीत पाणबुडी मोटार आहे, त्यांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आपले दिवे १२ व्होल्टचे असले तरी मोटारीच्या केबलला चीर असेल तर पाण्यात वीज उतरू शकते. म्हणून पोहण्याआधी स्टार्टर नुसता बंद न करता मेन स्विच खाली ओढून फ्यूजही काढून ठेवावेत. बॅटरीचे चार्जिंगही घरात नेऊनच करावे. चार्जर लावलेल्या बॅटरीवर पाण्यातले दिवे चालवले तर घरच्या विजेपासून वेगळे राहण्याचा सारा फायदा जातो. पुढच्या वर्षी मी हेच दिवे लावणार आहे, फक्त सर्वांत खालच्या पायरीसाठी आणखी एक घेणार आहे.