शंभरावरून बेचाळीसवर आलेली भिंत

एका वॉटरप्रूफिंग कंपनीने घरी येऊन केलेल्या 'मोफत तपासणी'बद्दल लिहिते आहे, आणि नंतर ज्या मिस्त्रींनी प्रत्यक्ष काम केलं त्यांच्याबद्दलही. कंपनीचं नाव देत नाही. मी एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात २२ वर्षं काढली आहेत, त्यामुळे किंमत कशी बनते हे मला कळतं. तरीही त्या दिवशी आमच्या घरात सही होता होता राहिली. म्हणून सविस्तर सांगते.

रक्कम सांगण्याऐवजी कंपनीने सांगितलेल्या पहिल्या किमतीला १०० धरते. पुढचे किमतींचे आकडे त्याच हिशेबात वाचा.

आमचं घर एकमजली. मागच्या खोलीत खिडकीखाली ओल आली होती, गिलाव्याचे पोपडे सुटत होते आणि कपाटामागे काळी बुरशी धरली होती. त्याच खोलीत माझी अडीच वर्षांची नात झोपते. कंपनीला फोन केला तेव्हा त्यांनी दोनदा बजावलं, "निर्णय घेणारे सगळे घरी असतील अशीच वेळ द्या." तेव्हा ते सोयीचं वाटलं. आता कळतं की "घरच्यांना विचारून सांगतो" हे वाक्य आम्हाला म्हणता येऊ नये, ही त्यामागची तजवीज होती.

आलेला मुलगा वेळेवर आला, पायांत कव्हरं घालून आत आला, नीट बोलला. हे सगळं चांगलंच होतं. तो ३ तास २० मिनिटं बसला. त्यातली भिंतीजवळ गेली असतील जेमतेम २० मिनिटं.

त्याच्याकडे दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र होतं. भिंतीला टेकवलं की ते वाजायचं आणि लाल दिवा लागायचा. त्या आवाजाने माझे बाबा (वय ८१) दर वेळी दचकत होते. मग त्याने बुरशीचे मोठे केलेले फोटो दाखवले आणि नातीकडे बघत म्हणाला, "आजोबा, हे कण रोज रात्री हिच्या छातीत जातात." इथे मला न्याय्य राहायचं आहे. भीती खोटी नव्हती. ओल आणि बुरशी श्वसनाला वाईट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर खास मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पण भीती खरी असली म्हणून तिच्यावरचा सांगितलेला उपायही खरा, असं होत नाही. त्या लाल दिव्यासमोर हा फरक करायला डोकं शांत लागतं, आणि ते शांत राहू नये अशीच त्या तीन तासांची रचना होती.

त्याचं निदान एका वाक्याचं होतं: जमिनीतून ओल चढते आहे, घराच्या सगळ्या बाहेरच्या भिंतींना भोकं पाडून रसायन भरावं लागेल. किंमत १००.

बाबा गप्प झाले. मग किंमत उतरायला लागली. या महिन्याची योजना म्हणून ७०. घरासमोर कंपनीचा फलक लावू दिला तर ५८. मग त्याने 'साहेबां'ना फोन केला, अंगणात जाऊन दहा मिनिटं बोलला आणि ५० घेऊन आत आला. शेवटी, "आज सही झाली तर ४२, उद्या पुन्हा १००." बाबा म्हणाले, एवढे एकदम नाहीत. त्यावर त्याने लगेच हप्त्यांचा कागद काढला: महिन्याला फक्त १, ६० महिने. माझ्या डोक्यात आकडेमोड सुरू झाली ती तिथे. ४२ चे ६० होतात. वर्षाला साधारण १५ टक्के व्याज पडतं. त्याच्या कागदावर एकूण रक्कमही नव्हती आणि व्याजाचा दरही नव्हता. 'फक्त १' तेवढं मोठ्या अक्षरांत होतं.

पेन बाबांच्या हातात होतं. मी म्हटलं, "मापं दाखवा."

कोटेशनवर भिंतींचं क्षेत्रफळ ६४ चौरस मीटर होतं. मी टेप आणली. खिडक्या-दारं वजा करून बाहेरच्या भिंती ४७ भरल्या. ज्या भिंतीला ओल होती ती ४ मीटर लांब आणि पावणेतीन मीटर उंच, म्हणजे ११ चौरस मीटर. मुलगा म्हणाला, "मॅडम, मोजमाप ऑफिस करतं." ऑफिसमधून कोणीही आमच्या घरी आलेलं नव्हतं.

कॉस्टिंगमध्ये आम्ही नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो की किमतीला पाय असतात: माल, मजुरी, वाहतूक, हत्यारांची झीज, ऑफिसचा खर्च, काम बिघडलं तर परत जाण्याची तरतूद आणि नफा. सूट द्यायची तर यांतलं काहीतरी कमी होतं. मालावर ५ टक्के घासाघीस समजू शकते. हाताशी काम नसलेल्या महिन्यात नफा थोडा सोडला, तेही समजतं. पण एका बैठकीत, काम तेच, माल तोच, आणि ५८ टक्के उतरतात, तेव्हा १०० ही किंमत कधी नव्हतीच. ते ४२ स्वस्त वाटावेत म्हणून लावलेलं माप होतं. आणि ४२ सुद्धा योग्य आहेत की नाहीत हे कळायला काहीच मार्ग नव्हता, कारण कोटेशनवर एकच ओळ होती: 'संपूर्ण ओलप्रतिबंधक उपचार'.

आम्ही सही केली नाही. तो मुलगा निघाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याला पगार कमी आणि कमिशन जास्त असणार. माझा राग त्याच्यावर नाही, त्याला हे शिकवून घरोघर पाठवणाऱ्यांवर आहे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कंपनीचा फोन आला. किंमत १०० झाली नव्हती. ३५ झाली होती.

घरी येऊन केलेल्या विक्रीसाठी अनेक ठिकाणी वेगळे नियम आहेत, ते मला नंतर समजले. युरोपीय संघात असा करार १४ दिवसांत, कारण न देता मोडता येतो. अमेरिकेत त्यासाठी ३ कामकाजाचे दिवस मिळतात. आपल्याच घरात, समोर विक्रेता ठाण मांडून बसलेला असताना घेतलेला निर्णय पुरता मोकळा नसतो, हे कायद्यानेही मानलं आहे. मात्र काम आपणच लगेच सुरू करायला सांगितलं तर ही सवलत आक्रसते. युरोपात तोवर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात. आमच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत 'काम त्वरित सुरू करण्यास माझी संमती आहे' अशी ओळ छापलेली होतीच. '२५ वर्षांची हमी' त्याच कागदावर होती. तिच्या अटी मागच्या बाजूला: दर वर्षी पैसे देऊन तपासणी करून घ्यायची, एक चुकली तर हमी संपली. हमी फक्त मालाची, मजुरीची नाही. 'बांधकामातील दोष' वगळलेले. बांधकामात दोष नसता तर ओल आली कुठून असती?

त्यानंतर आम्ही आणखी दोघांना बोलावलं. एकाने खिडकीतूनच भिंत बघून फोनवर ४ सांगितले, लेखी काही द्यायला तयार नव्हता. दुसरे मिस्त्री पन्नाशीचे. त्यांनी पहिल्या भेटीत किंमत सांगितलीच नाही.

त्यांच्याकडेही तसंच सुयांचं यंत्र होतं. त्यांनी ते कोरड्या खोलीतल्या कोपऱ्यावर टेकवलं, आणि ते तिथेही वाजलं! गिलाव्याखाली कोपऱ्याला धातूची पट्टी होती. हे यंत्र दोन सुयांमधून वीज किती सहज जाते ते बघतं. धातू असला, भिंतीत क्षार साठलेले असले, तरी ते ओल दाखवतं. त्याचा उपयोग आहे, पण एकाच जागी आठवड्या-आठवड्याने आकडा चढतो की उतरतो हे बघायला. मग त्यांनी बाबांना भिंतीजवळ नेलं. "काका, इथे हात लावा." जमिनीलगतचा हातभर पट्टा कोरडा होता. ओल कमरेच्या उंचीवर सुरू होऊन खिडकीपर्यंत गेली होती. जमिनीतून चढणारी ओल खालून सुरू होते, मधला कोरडा पट्टा सोडून वर उडी मारत नाही. हे बाबांना स्वतःच्या तळहाताने कळलं.

कपाटामागे त्यांनी ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवला आणि दोन दिवसांनी आले. थेंब फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला होते, भिंतीकडची बाजू कोरडी. म्हणजे ती बुरशी खोलीतल्या दमट हवेची, थंड भिंतीवर वाफ जमून आलेली. उपाय: कपाट भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे, हवा खेळायला वरची झडप उघडी, बुरशी पुसून काढणं. याचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

खिडकीसाठी बाहेरून पाइपने पाणी मारलं, खालून सुरुवात करून, एकेक सांधा १५ मिनिटं. वरून मारलं असतं तर पाणी खाली ओघळून नेमका कोणता सांधा गळतो ते कळलं नसतं. तिसऱ्या टप्प्यात आतून ओल दिसली: चौकटीच्या डाव्या बाजूचा सांधा फुटलेला, आणि खिडकीच्या बाहेरच्या ओट्याला खालून पाणी तोडणारी खाच नाही. पाणी कडेवरून वळून ओट्याच्या पोटाखालून भिंतीत जात होतं.

लेखी कोटेशन आलं ते ७ चं. सहा ओळी. सांध्यात आधी फोमची गोल दोरी, तिच्यावर सीलंट (सांधा बुजवायचा लवचिक माल). दोरी कशाला, असं मी विचारलं. सीलंट दोनच बाजूंना चिकटलं तर ताणलं जातं, तळालाही चिकटलं तर फाटतं, असं त्यांनी सांगितलं. ओट्याला खाच. २ चौरस मीटर गिलावा काढणं, भिंत वाळेपर्यंत उघडी ठेवणं, मग नवा गिलावा. मालावर त्यांनी २५ टक्के चढवले होते आणि ते लपवले नव्हते. बाबांना ते जास्त वाटले. मी त्यांना हिशेब सांगितला: १०० रुपयांच्या मालावर २५ चढवले की विक्री १२५ ची, त्यातले २५ म्हणजे पाचवा हिस्सा. त्यातूनच आणायला जाणं, वाया जाणारा माल, खराब निघालेली सीलंटची नळी बदलून आणणं, सगळं भागवायचं. त्यांनी तपासणीच्या तीन फेऱ्या मारल्या होत्या, त्यांचं शुल्क वेगळी ओळ म्हणून लावलं होतं, आणि मला ती ओळ सगळ्यात प्रामाणिक वाटली. फुकट तपासणीचा खर्च कोणीतरी भरतच असतो. कंपनीच्या त्या १०० मध्ये तो होताच, शिवाय ज्यांनी सही केली नाही त्यांच्या घरच्या तपासण्यांचाही.

४ वाल्याकडे गेलो नाही. स्वस्त म्हणून नाकारलं असं नव्हे. नेमकं काय करणार हेच त्याने सांगितलं नव्हतं.

पैसे ३० टक्के आगाऊ, ६० काम झाल्यावर, १० राखून. गिलावा काढल्यावर त्यांनी भिंतीवर पेन्सिलने पाच खुणा केल्या आणि सहा आठवडे दर आठवड्याला त्याच जागी यंत्र टेकवून आकडे लिहिले. त्या काळात तीनदा जोराचा पाऊस झाला. आकडे उतरत गेले. एका खुणेवर दुसऱ्या आठवड्यात आकडा चढला, तर ते शिडी घेऊन आले आणि सीलंटची एक कड पुन्हा भरली, जादा काही न मागता. तक्रार करायची तर एकच: धूळ भयंकर झाली. दार झाकायला प्लॅस्टिक आणलं होतं ते अपुरं पडलं, आणि सामान मलाच हलवावं लागलं. हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्यायला हवं होतं. रंगाचा ठिगळ अजून दिसतो. शेवटचे १० टक्के गिलावा वाळल्यावर दिले.

कंपनीला माझ्याकडून ५ पैकी १, तोही वेळेवर आल्याचा. मिस्त्रींना साडेचार.

त्या दुपारी पेन हातात धरलं होतं याचं बाबांना अजून वाईट वाटतं. आयुष्यभर व्यवहार चोख ठेवलेला माणूस. आठवडाभर ते त्या विषयावर बोलले नाहीत. मागच्या महिन्यात कंपनीचा पुन्हा फोन आला, या वेळी किंमत ३०. फोन बाबांनीच घेतला. भिंतीकडे बघत शांतपणे म्हणाले, "आधी मापं लिहून पाठवा. मग बोलू."

मापं अजून आलेली नाहीत.