जुन्या ढंगाचं नाटकी जॅझ: फुकट संग्रह आठ महिने वापरल्यावर

गरज अशी होती: विनोदी हेरकथांची ऑडिओ मालिका, तिचं शीर्षकसंगीत, प्रसंग बदलताना लागणारे आठ-दहा सेकंदांचे तुकडे आणि संवादाखाली चालणारं पार्श्वसंगीत. बाज मुद्दाम भडक. डोळा मारत वाजवल्यासारखं, थोडं थिल्लर जॅझ. आठ महिन्यांनंतरचं मत आधीच सांगून टाकतो. खऱ्या जुन्या तबकड्यांच्या मागे लागू नका. नवं, स्वच्छ वाजवलेलं संगीत घ्या आणि ते जुनं करा. खरी तबकडी फक्त गोष्टीतला ग्रामोफोन वाजतो तिथे.

याचं कारण कायद्यात जितकं आहे तितकंच आवाजात आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार १९२३ ते १९४६ या काळातली ध्वनिमुद्रणं प्रकाशनानंतर १०० वर्षांनी मोकळी (हक्कमुक्त) होतात. म्हणजे १ जानेवारी २०२६ पासून १९२५ पर्यंतची. १९४७ ते १९५६ ची ११० वर्षांनी, आणि १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतची थेट १५ फेब्रुवारी २०६७ ला. आता गंमत बघा: विजेच्या मायक्रोफोनवर मुद्रण सुरू झालं तेच १९२५ मध्ये. त्यामुळे मोकळं झालेलं जवळजवळ सगळं भोंग्यासमोर वाजवलेलं आहे. त्यात खालचा खर्ज नाही, डबल बासच्या जागी बहुतेकदा ट्यूबा आणि ड्रमच्या जागी लाकडी ठोकळ्यांची टकटक. ऐकायला मजेदार, पण संवादाखाली लावलं की डबा वाजवल्यासारखं होतं. कारण त्याची सगळी ताकद नेमकी माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत असते.

मराठी कानाला ‘जुनं जॅझ’ म्हटलं की आठवतो तो १९५० च्या दशकातल्या हिंदी चित्रपटांतला क्लब. तो आवाज चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा मुंबईत आलेल्या गोव्याच्या वादक-संयोजकांनी घडवला. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून ‘१९५१ चं गाणं आहे, घ्या बिनधास्त’ असं लोक सांगतात. घेऊ नका. चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, आणि तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०४२ अखेरपर्यंत बांधलेल्या. तबकडी मोकळी, चाल नाही.

आता संग्रहांबद्दल. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो संगीतकार केविन मॅक्लाउड यांच्या इनकॉम्पिटेक या संकेतस्थळाचा. वेग, लांबी, भाव यांनुसार गाळणी लावता येते आणि प्रत्येक तुकड्यात कोणती वाद्यं आहेत ते लिहिलेलं असतं. श्रेयनाम दिलं की फुकट, श्रेयनाम नको असेल तर पैसे. दोन खोट आहेत. काही तुकडे इतके वापरले गेलेत की ऐकणारा तीन सेकंदांत ओळखतो आणि गोष्टीतून बाहेर पडतो. दुसरं म्हणजे संगणकावर वाजवलेले ट्रम्पेट-सॅक्सोफोन उघडे पडतात. पण हीच खोट जुनं करताना झाकली जाते, कारण नकलीपणा बहुतेक वरच्या पट्टीत ऐकू येतो आणि तीच पट्टी आपण कापणार असतो.

यूट्यूब ऑडिओ लायब्ररी व्हिडिओसाठी बिनघोर, पण जॅझच्या भागात गुळगुळीत कॅफेसंगीत फार. फ्री म्युझिक आर्काइव्हवर माणसांनी खरोखर वाजवलेलं जास्त सापडतं, मात्र प्रत्येक तुकड्याचा परवाना निराळा. ‘एनडी’ (बदल करायला मनाई) असेल तर व्हिडिओखाली लावता येत नाही, कारण चित्राशी जुळवणं हाच बदल धरला जातो. ‘एनसी’ (व्यावसायिक वापराला मनाई) असेल तर जाहिरात घेऊ नका.

इंटरनेट आर्काइव्हवरच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या हा वेगळाच खजिना. त्यातल्या बऱ्याच तबकड्या चार वेगवेगळ्या सुयांनी वाजवून उतरवल्या आहेत, म्हणून एकाच गाण्याच्या इतक्या फाइल दिसतात. नुसतं शीर्षक असलेली फाइल ही तंत्रज्ञाने निवडलेली. खरखर फार वाटली तर दुसऱ्या सुईची ऐका. खाचेचा न झिजलेला भाग तिला लागलेला असू शकतो. एमपी३ नको, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) उतरवा. आणि शब्द नीट ऐकल्याशिवाय काही लावू नका. त्या काळच्या ‘विनोदी’ गाण्यांत कृष्णवर्णीयांची टिंगल ठासून भरलेली आहे.

शोधताना भाव टाकू नका. ‘मजेदार’, ‘रेट्रो’ यांनी कचराच येतो. वाद्य आणि प्रकार इंग्रजीत टाका: म्यूटेड ट्रम्पेट, व्हायब्राफोन, झायलोफोन, बोंगो, हॅमंड ऑर्गन, प्रकारांत लाउंज, एक्झॉटिका, क्राइम जॅझ, बर्लेस्क, व्हॉडव्हिल, चा चा चा. तो ‘वाँव-वाँव’ हसणारा ट्रम्पेट हवा असेल तर शब्द ‘प्लंजर म्यूट’. होय, तुंबलेलं बेसिन उपसायचा तोच रबरी वाडगा. वेगही टाका: चार्ल्सटन मिनिटाला २०० ठोक्यांच्या आसपास, फॉक्सट्रॉट ११२ ते १२०. संवादाखाली १२० च्या वर गेलं की नट धावत बोलतोय असं वाटतं.

जुनं करण्याची कृती ऑडॅसिटी या फुकट ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांची. आधी मोनो. मग १५० हर्ट्झच्या खालचं आणि ५,००० च्या वरचं कापा, १,५०० च्या आसपास ३ डेसिबल उचला, किंचित डिस्टॉर्शन द्या. सूर डोलवायचा असेल तर डोलण्याचा वेग हवा सेकंदाला १.३, कारण ७८ ची तबकडी तेवढीच फिरते. इथेच सगळे चुकतात. खरखरीचा फुकट नमुना उचलतात तो ३३ च्या तबकडीचा. त्यातली टिकटिक दर १.८ सेकंदांनी येते, ७८ ला ती ०.७७ सेकंदांनी यायला हवी. कारण कळलं नाही तरी कानाला खोटं जाणवतंच. खरखर संगीताच्या ३० डेसिबल खाली ठेवा.

उलट दिशेने, म्हणजे खरी तबकडी साफ करताना, ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन ६ ते ८ डेसिबलवर ठेवा. जास्त ओढलं की सूर पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडतात. क्लिक रिमूव्हलही जपून. म्यूट लावलेल्या ट्रम्पेटचा टोकदार आरंभ त्याला ओरखडाच वाटतो आणि ते तो खाऊन टाकतं. दोन तुकडे जोडताना सूर जुळेना तर दोष वेगाचा असतो. त्या काळी यंत्रं नेमकी ७८ वर चालत नसत, आणि साडेचार फेऱ्यांच्या फरकाला सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकतो.

तुकडा लांबवायचा तर आठ-आठ मात्राखंडांच्या (चार ठोक्यांचा एक) सीमेवर कापा. १२० च्या वेगाला असा भाग १६ सेकंदांचा. पण पहिल्या ठोक्यावर कापू नका. जॅझमध्ये धून बहुधा ठोक्याच्या आधीच उचललेली असते, तो उचल घेणारा स्वर सोबत हवा. सांध्याला १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढवणं) पुरतो.

राहिला हक्कदाव्यांचा त्रास. मोकळ्या झालेल्या तबकड्या कुणीतरी नव्या संकलनात घालतं आणि यूट्यूबवर दावा लागतो. तक्रारीवर दावेदाराला उत्तराला ३० दिवस मिळतात. तोवर हाताशी हवं: तबकडीच्या लेबलचं चित्र, क्रमांक, प्रकाशनाचं वर्ष. मुद्रणाची तारीख कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा इथल्या अमेरिकन ध्वनिमुद्रण सूचीत सापडते, पण हक्क मोजतात प्रकाशनापासून. डिसेंबर १९२५ ची मुद्रणं म्हणूनच सोडून दिलेली बरी.