आठ महिन्यांच्या वापरानंतर: बिअर उत्तम, ग्लास तेलकट

पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रूअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारे ठिकाण, सुरू झाली तेव्हापासून मला ताज्या बिअरची गोडी लागली, त्यामुळे घरापासून दहा मिनिटांवर मायक्रोब्रूअरी निघाल्याचा आनंद मोठा होता. लांब लाकडी बाकांचा हॉल, काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्या आणि सकाळी लवकर गेल्यास गव्हाच्या खिरीची आठवण करून देणारा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, वास, हे सगळे मनाजोगते आहे.

मी बहुतेक वेळा हेफेवाइझन ही गव्हाची जर्मन बिअर घेतो. जर्मन रीतीनुसार तिच्या माल्टमध्ये किमान निम्मा गहू असतो, केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो आणि गव्हातल्या प्रथिनांमुळे फेस दाट होऊन बराच वेळ टिकतो. इथे मात्र ग्लास टेबलावर येईपर्यंत फेस बसलेला असे. पहिले तीन महिने मी दोष बिअरलाच दिला आणि मित्रांनाही तसेच सांगितले. माझे ते मत चुकीचे होते. एकदा लिटरभराचा ग्राउलर (बिअर घरी न्यायची बाटली) भरून घरी आणला आणि तीच बिअर नीट धुतलेल्या ग्लासात ओतली, तेव्हा दोन बोटे फेस उभा राहिला आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर पांढरी कडी उमटत गेली.

पुढच्या खेपेला हॉलमधला ग्लास उजेडात धरून पाहिला, तर आतून जागोजागी बुडबुडे चिकटलेले होते. स्वच्छ काचेला ते असे चिकटत नाहीत. तेलाचा अंश राहिला की चिकटतात आणि तेच तेल फेसाला मारते. तळणाच्या बशा आणि ग्लास एकाच सिंकमध्ये, एकाच घासणीने धुतले जात होते. मॅनेजरना हे सांगितल्यावर ‘सर, ही बिअर अशीच असते’ असे उत्तर मिळाले. अर्ध्या लिटरला चारशे रुपये मोजल्यावर हे ऐकून घेणे मला जमले नाही. मी रिकामा ग्लास पाण्याने विसळून आत मीठ भुरभुरले. स्वच्छ काचेवर मीठ बसले आणि तेलकट पट्टा कोरा राहिला. बिअर बनवणारे गृहस्थ तेवढ्यात बाहेर आले होते. त्यांनी तो ग्लास हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि दोन आठवड्यांत ग्लासांसाठी वेगळे सिंक बसवून घेतले.

गेल्या रविवारी आम्ही तिघे गेलो होतो. दोन ग्लासांवर शेवटच्या घोटापर्यंत कड्या उमटल्या. तिसरा मी परत पाठवला आणि तो कुरकुर न करता बदलून मिळाला.