इलेक्ट्रिक सुपरचार्जर: तीन हजारांचा पंखा, ४८ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि बाकीचे पर्याय

सुपरचार्जर आणि टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारी यंत्रं. ऑनलाइन दुकानांत ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ किंवा ‘इलेक्ट्रिक टर्बो’ असं शोधलं की दोन-चार हजारांत एक गोल डबी दिसते. आत पंखा, बाहेर दोन वायरी, सोबत दोन होज क्लिप. एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारी झडप) यांच्या मधल्या पाइपात ती बसवायची आणि बॅटरीला जोडायची. मग जाहिरातीप्रमाणे १० ते ३० टक्के ताकद वाढते, वर ॲव्हरेजही सुधारतं. हा पंखा घ्यावा, खरा कॉम्प्रेसर घ्यावा, की पैसे दुसरीकडे लावावेत, अशा विचारात असाल तर पुढचा हिशेब पाहा. पंख्याबद्दलचं उत्तर आधीच सांगतो: घेऊ नका.

आधी इंजिनाची भूक

उदाहरणाला १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन घेऊ. जुन्या स्विफ्ट-बलेनोत असायचं किंवा ह्युंदाई आय२० मध्ये येतं तसं, साधारण ८३ पीएसचं. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं. म्हणजे ६,००० आरपीएमला सेकंदाला ६० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ८५ टक्के भरतात असं धरलं तरी सेकंदाला ५१ लिटर हवा लागतेच.

ताकद वाढवायची तर याहून जास्त वजनाची हवा आत कोंबावी लागते. त्यासाठी ती दाबावी लागते, आणि दाबायला ऊर्जा लागते. समजा ०.३५ बार, म्हणजे ५ पीएसआय बूस्ट (वातावरणाच्या वरचा जादा दाब) मिळवायचा आहे. हा काही फार नाही, सौम्य टर्बोचा आकडा आहे. ६५ टक्के कार्यक्षमतेचा चांगला कॉम्प्रेसर धरला तरी त्याच्या शाफ्टवर सुमारे ३ किलोवॅट लागतात. मोटर आणि कंट्रोलरमधली गळती धरली तर बॅटरीतून साडेतीन किलोवॅटच्या वर ओढावे लागतात. गाडीच्या १२ व्होल्टच्या लाइनवर हा करंट २५० अँपिअरच्या पुढे जातो.

छोट्या गाडीचा अल्टरनेटर साधारण ६५ ते ९० अँपिअरचा असतो. हेडलाइट, एसीचा ब्लोअर, इंधन पंप, इग्निशन हे सगळं त्यातूनच चालतं. स्टार्टर मोटर एखाद किलोवॅटची, आणि तीही काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका असं मॅन्युअल बजावतं. इथे तर स्टार्टरच्या तिप्पट ताकद सलग हवी आहे.

पंख्याचा हिशेब

आता त्या डबीसोबत आलेला फ्यूज पाहा. बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १५ अँपिअर म्हणजे जेमतेम २०० वॅट. उदार होऊन पंखा आणि मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षम धरू, म्हणजे हवेला ८० वॅट मिळाले. सेकंदाला ५१ लिटर हवेवर ते वाटले तर दाब वाढतो सुमारे १,५०० पास्कल, ०.२ पीएसआयच्या आसपास. वातावरणाच्या दाबाच्या हा दीड टक्का. ८३ पीएसवर सव्वा पीएसची वाढ झाली. पण हे २०० वॅट अल्टरनेटरने इंजिनाकडूनच घेतले. अल्टरनेटरची आणि पट्ट्याची गळती धरून इंजिनाला अर्धा पीएस मोजावा लागतो. शिल्लक राहिले ०.८ पीएस. चाकावर ते कळणार नाहीत, आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) दोन रनमध्ये एवढा फरक काही न बदलताही येतो.

हाही झाला कागदावरचा सर्वोत्तम आकडा. प्रत्यक्षात या डब्यांमधला पंखा बोटीच्या तळातली कोंदट हवा बाहेर फेकणाऱ्या ब्लोअरच्या जातीचा असतो. तो मोकळी हवा बऱ्यापैकी हलवतो, पण समोर अडथळा आला की दाब धरू शकत नाही. खोक्यावर छापलेला हवेचा आकडा समोर काहीच नसतानाचा असतो. इंजिनाने त्याहून जास्त हवा ओढायला सुरुवात केली, की पंखा ढकलायचं सोडून हवेच्या ओढीवर फिरायला लागतो. तेव्हा तो पाइपातला अडथळा असतो. म्हणजे मदतीची गरज असते नेमक्या त्या वरच्या आरपीएमला तो आडवा येतो. बंद असताना तर सदासर्वकाळ.

घरचा १,४०० वॅटचा व्हॅक्यूम क्लीनरही या इंजिनाला ६,००० आरपीएमला पुरणार नाही. तो मोकळ्या तोंडाने सेकंदाला ३०-४० लिटरच हवा हलवतो. २०० वॅटच्या पंख्याकडून मग काय मागायचं?

ॲव्हरेजच्या दाव्यात तर तर्कच नाही. शहरात आणि हायवेवर थ्रॉटल बहुतेक वेळ अर्धवट बंद असतो, हवा मुद्दाम अडवलेली असते. थ्रॉटलच्या अलीकडे दाब किंचित वाढला तर पाय किंचित वर येतो, एवढंच.

मग लोकांना फरक का जाणवतो

पंखा बसवताना बॅटरी काढली जाते. त्यामुळे ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) शिकलेली सेटिंग पुसली जातात, आणि पुढचे काही दिवस गाडी थोडी वेगळी वागते. त्याच वेळी फिल्टर झटकला जातो, सैल क्लिप आवळली जाते. शिवाय पाइपात शीळ वाजते, आणि आवाज वाढला की पिकअप वाढल्यासारखा वाटतो.

खरा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं काम वेगळं

कंपन्यांनी तो लावला आहे. २०१६ च्या आउडी एसक्यू७ टीडीआयमध्ये ४८ व्होल्टवर चालणारा ७ किलोवॅटचा कॉम्प्रेसर आहे. पाव सेकंदात तो ७०,००० आरपीएमपर्यंत जातो. त्याला वीज द्यायला वेगळी लिथियम-आयन बॅटरी आहे. मर्सिडीजच्या एम२५६ या सहा सिलिंडरच्या इंजिनातही ४८ व्होल्टचाच जोड-कॉम्प्रेसर आहे. ४८ व्होल्ट कशासाठी? तेवढेच किलोवॅट चौपट व्होल्टेजवर नेले की करंट चौथाई होतो, आणि वायरी व कंट्रोलर आटोक्यात राहतात.

मात्र हे कॉम्प्रेसर इंजिनाची कमाल ताकद वाढवायला लावलेले नाहीत. एक्झॉस्टवर फिरणारा टर्बो जागा होईपर्यंतचा उशीर भरून काढायचा, मग बाजूला व्हायचं, एवढं त्यांचं काम. वरच्या आरपीएमला टर्बोच सगळं पाहतो. परदेशात मिळणारी खरी इलेक्ट्रिक किटही वेगळी बॅटरी घेऊन येतात, काही सेकंद बूस्ट देतात आणि मग चार्ज व्हायला वेळ मागतात. ओव्हरटेकला ते उपयोगी आहे. वरंध घाटात दहा मिनिटं चढायला नाही.

| पर्याय | विजेची किंवा इंजिनाची किंमत | १.२ लिटर पेट्रोलवर काय मिळतं | खर्चाचा अंदाज |
|---|---|---|---|
| १२ व्होल्टचा पंखा | २०० वॅटच्या आत | शून्य, वरच्या आरपीएमला तोटा | २ ते ५ हजार |
| ४८ व्होल्टचं खरं किट | ३ किलोवॅट आणि वर, वेगळी बॅटरी | खरी वाढ, पण काही सेकंदच | आयात, कर, ट्यूनिंग धरून लाखांत |
| टर्बो किंवा पट्ट्यावरचा सुपरचार्जर | एक्झॉस्टची ऊर्जा किंवा क्रँकची ताकद | खरी आणि सलग वाढ | दीड-दोन लाखांच्या पुढे |
| फक्त रिमॅप (ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधला बदल) | काही नाही | ५ ते ८ टक्के | २० ते ४० हजार |
| कंपनीचीच टर्बो आवृत्ती | काही नाही | ३० ते ४५ टक्के जास्त ताकद, वॉरंटीसह | गाडीच्या किमतीतला फरक |

खरा बूस्ट दिला तर पुढे काय लागतं

५ पीएसआय खरोखर मिळाले असं धरू. दाबल्याने हवा ४० अंशांच्या वर तापते. ३० अंशांची हवा ७० वर जाते, आणि नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याचा) धोका वाढतो. या इंजिनांचं कॉम्प्रेशन १० ते १२ च्या दरम्यान असतं, म्हणजे सवलतीला जागा थोडीच. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) टर्बो नसलेल्या गाडीत वातावरणाच्या दाबापेक्षा फारसं वर वाचूच शकत नाही. त्यापुढे ईसीयू आंधळा होतो, पेट्रोल कमी पडतं, आणि लीन मिश्रणावर पिस्टन व व्हॉल्व जळतात. म्हणून दुसरा सेन्सर, मोठे इंजेक्टर, रिमॅप आणि शक्यतो इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) लागतो. क्लच घसरू लागला तर तोही. खरा बूस्ट देणाऱ्या वस्तूसोबत हे सगळं येणारच. विक्रेता ‘ट्यूनिंगची गरज नाही, लावा आणि चालवा’ म्हणत असेल, तर त्यातून बूस्ट मिळत नाही असा त्याचा सरळ अर्थ आहे.

पैसे कुठे लावावेत

गाडी अजून घ्यायची असेल तर विषय सोपा आहे. आय२० मध्ये १.२ पेट्रोल ८३ पीएस आणि सुमारे ११५ न्यूटन मीटरचं. त्याच गाडीच्या एन लाइनमधलं १.० टर्बो १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटरचं. टाटा अल्ट्रोझचं आयटर्बो ११० पीएसचं होतं. जुन्या बाजारात या गाड्या मिळतात, आणि नंतर किट लावण्यापेक्षा हा सौदा जवळपास नेहमीच स्वस्त पडतो. विकत घेताना टर्बोच्या पाइपांत तेल आहे का, थंड इंजिन सुरू करताना निळा धूर येतो का, आणि तेल बदलल्याची नोंद आहे का, एवढं मात्र पाहाच.

हातातली गाडी टर्बो डिझेल असेल तर चांगला रिमॅप १५ ते २५ टक्के देऊ शकतो. टर्बो नसलेल्या पेट्रोलवर रिमॅपला पैसे घालणं आम्हाला फारसं पटत नाही. ४-६ पीएससाठी वॉरंटी पणाला लागते.

गाडी पूर्वीपेक्षा मंद झाली असेल तर मात्र ताकद वाढवायची नाही, गमावलेली परत आणायची आहे. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कॉइल, घाण झालेली थ्रॉटल बॉडी, घसरणारा क्लच, चिकटलेला ब्रेक, टायरमधली हवा. हा सगळा खर्च बहुधा पंख्याच्या किमतीत बसतो. इनटेकची हवा कुठून येते तेही बघा. बॉनेटखाली उघडा, शंकूच्या आकाराचा ‘कोन’ फिल्टर लावला असेल तर तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की सुमारे ३ टक्के विरळ होते, म्हणजे पंख्याच्या कागदी फायद्याच्या दुप्पट तोटा. कंपनीचा बंद डबा आणि ग्रिलमागून येणारी थंड हवेची नळी परत लावणं उत्तम.

महाबळेश्वरला गाडी दमते ती उंचीमुळे. सुमारे १,३५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्के कमी असतो. एक-दीड टक्का देणारा पंखा तिथे पुरा पडत नाही. खालचा गिअर पुरा पडतो.

पंख्यामुळे काय बिघडतं

पंखा फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला बसतो. प्लास्टिकचं पातं तुटलं, स्क्रू सुटला तर तो थेट थ्रॉटलकडे जातो. ब्रशवाली मोटर ठिणग्या टाकते, आणि त्याच पाइपात क्रँककेसच्या ब्रीदरमधून तेल व पेट्रोलची वाफ येत असते. तेलकट झालेल्या पंख्यावर धूळ चिकटते, मोटर तापते. कापलेल्या पाइपाचे जोड नीट बसले नाहीत तर फिल्टर न झालेली हवा आत जाते, आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ सिलिंडर घासायला पुरेशी आहे. एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत पंख्याचा भोवरा रीडिंग चुकवतो; मग आयडलिंग हलतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. बारीक वायर थेट बॅटरीला, फ्यूजशिवाय जोडलेली असेल तर बॉनेटखाली आग लागू शकते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार मालकाला करता येत नाही. परवानगी नसलेल्या फेरफारासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आग लागली तर विमा कंपनी बिगर-कंपनी वायरिंगबद्दल आधी विचारते.

तरी खात्री करायचीच असेल तर

गाडीला हात न लावता करा. दीड-दोन मीटरची पारदर्शक नळी यू आकारात उभी बांधा आणि अर्धी पाण्याने भरा. पंख्याचं बाहेरचं तोंड पुठ्ठा आणि टेपने बंद करून त्यात नळीचं एक टोक घट्ट बसवा. पंखा चालू करून दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मोजा. १ सेंटिमीटर म्हणजे ९८ पास्कल. १ पीएसआयला ७० सेंटिमीटर फरक दिसायला हवा. या पंख्यांत तो काही सेंटिमीटरच येतो, आणि तोही तोंड बंद असताना. इंजिन ओढायला लागलं की त्याहूनही कमी.

गाडीवर बघायचं तर ओबीडी अडॅप्टर (ईसीयूतले आकडे फोनवर दाखवणारा) लावा. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा आणि मॅप सेन्सरचा आकडा टिपा. मग तिसऱ्या गिअरमध्ये, सपाट मोकळ्या रस्त्यावर, ५,००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटल देऊन तोच आकडा पाहा. बूस्ट असेल तर दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वर जातो. इथे तो एक-दोन किलोपास्कल खालीच राहील. आकडे शेजारच्या सीटवरच्या माणसाला वाचू द्या.

पंखा आधीच बसवला असेल तर काढताना बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा, पंख्याची वायर मुळापासून काढा (नुसता फ्यूज काढून लोंबती ठेवू नका), आणि पाती मोजा. एखादं कमी असेल तर थ्रॉटल बॉडी उघडून बघितल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पाइप कापलेला असेल तर जोड देत बसू नका, कंपनीचा नवीन पाइप आणि नव्या क्लिप लावा. शेवटी आयडलिंगवर जोडांभोवती साबणाचं पाणी मारून पाहण्यात अर्थ नाही, तिथे हवा बाहेर ढकलणारा दाब नसतो. त्याऐवजी पाचशे किलोमीटरनंतर पाइप काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर धूळ आली तर जोड अजून गळतोय.