पहिली पंगत साडेपाचची

क्रूझचं बुकिंग लेकीने केलं. सिएटलजवळ बेलव्ह्यूला तिच्या घरी, लॅपटॉप मांडीवर घेऊन, मला एकेक विचारत. बाल्कनीची खोली घेऊ का? घे. जहाज हललं तर त्रास होतो म्हणून मधल्या मजल्यावरची घेऊ? घे. मग आला जेवणाचा प्रश्न: रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर, की आपल्या सोयीने कधीही? मी म्हटलं, सुट्टीला चाललोय, होस्टेलवर नाही. सोयीचं घे.

पुण्यात नारायण पेठेत 26 वर्षं खानावळ चालवलेल्या बाईने हे उत्तर द्यायला नको होतं.

सिएटलहून अलास्काला सात रात्रींची सफर. कंपनीचं नाव लिहीत नाही. जहाज स्वच्छ होतं, माणसं चांगली होती आणि माझी तक्रार एका सोयीपुरती आहे. अलास्काच्या हिमनद्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, ते पुन्हा दाखवत नाही. मी जेवणाच्या वेळेबद्दल लिहिणार आहे, कारण बुक करताना हा पर्याय सगळ्यात कमी विचार करून निवडला जातो आणि मग सातही संध्याकाळी रोज समोर येतो.

जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या जहाजावर हजारो माणसं आणि मुख्य डायनिंग हॉलमध्ये एका वेळी मावणार त्यातली निम्मी. म्हणून जुनी पद्धत सरळ पंगतीची: पहिली पंगत साडेपाच-सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. खोलीच्या कार्डावरच तुमची वेळ आणि टेबल नंबर छापलेला. रोज तेच टेबल, तोच वाढपी, शेजारी तीच माणसं. नाटक-गाण्याचे खेळसुद्धा त्याच हिशोबाने दोनदा. एक पंगत जेवत असते तेव्हा दुसरी थिएटरात. दुसरी पद्धत अलीकडची. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ नावाने तिचा गाजावाजा केला आणि मग बाकीच्यांनीही आपापल्या नावाने ती आणली. हवं तेव्हा या, जागा असेल तिथे बसा. आमच्या जावयांना असलं सगळं पाठ असतं. त्यांनीच सांगितलं की रॉयल कॅरिबियनने 2014 मध्ये क्वांटम ऑफ द सीज या नव्या जहाजावर एकच मोठा हॉल ठेवण्याऐवजी लहान लहान रेस्टॉरंटं केली होती आणि दोनेक वर्षांतच तो प्रकार गुंडाळला. का, ते मला पहिल्या रात्रीच कळलं.

पहिल्या रात्री आम्ही सात वाजता खाली उतरलो. रांग जिन्यापासून लिफ्टपर्यंत. दारातल्या मुलीने हसून हातात एक चपटा डबा दिला, जागा झाली की हा थरथरेल म्हणाली. आमच्याकडे जेवणाआधी इन्शुलिन असतं. ह्यांनी शिस्तीने खोलीतच टोचून घेतलं होतं, कारण ‘हवं तेव्हा या’ याचा अर्थ आम्ही ‘आलात की बसा’ असा घेतला होता. पाऊण तास झाला तरी डबा मेला होता. ह्यांच्या कपाळाला घाम दिसला तशी मी पर्समधली राजगिऱ्याची चिक्की काढली. पन्नासाव्या मिनिटाला डबा थरथरला तेव्हा हे कार्पेटवर बसून तिसरी चिक्की खात होते आणि येणारे-जाणारे बघत होते.

आता माझी खानावळ. 2009 मध्ये मी एक शहाणपणा केला होता. तोवर आमच्याकडे मेंबरांच्या वेळा ठरलेल्या: साडेअकराला पहिली खेप, साडेबाराला दुसरी. कोणी तरी म्हणालं, मुलांना स्वातंत्र्य द्या, कुपन काढा, अकरा ते दोन कधीही येऊ देत. मी कुपन काढली. पहिल्या दिवशी साडेअकराला खानावळीत मी, दोन वाढपी आणि आमटीचं पातेलं. बारालाही तेच. एकला बेचाळीस मुलं एकदम दारात. ज्याला त्याला मोकळीक दिली तर प्रत्येक जण एकच वाजवतो. पोळ्या लाटणारीला एका तासात दोन तासांचं काम झालं, उरलेला वेळ ती बसून होती. आठवड्यात कुपन बंद केली. जहाजावरही नेमकं तेच. साडेपाचला हॉल अर्धा रिकामा, नऊला रिकामा आणि सातला सगळ्या तीन हजारांना भूक. फोनवर ॲपमधून वेळ राखून ठेवता येते म्हणतात. आम्ही पाहिलं तेव्हा सव्वापाच आणि पावणेनऊ एवढंच शिल्लक होतं. म्हणजे परत पंगतच की, फक्त कुजबुजत सांगितलेली.

आम्ही दोघं शाकाहारी, अंडंही नाही. जहाजावर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते आदल्या रात्री सांगावं लागतं: उद्या डाळ, भात, एक सुकी भाजी. पहिल्या रात्री आम्ही वाढप्याला सांगितलं, त्याने लिहून घेतलं. दुसऱ्या रात्री वेगळं टेबल, हॉलचं दुसरं टोक, दुसरा वाढपी. त्याला आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं. डाळ आत शिजलेलीही असणार. पण ती कुठल्या टेबलावर न्यायची हे त्या आख्ख्या भटारखान्यात एकालाही ठाऊक नव्हतं. मग भाज्यांचं सूप मागवलं, आणि सवयीने विचारलं की हे कशाच्या पाण्यात उकळलंय. तो बिचारा आत जाऊन विचारून आला. कोंबडीच्या. गोड पदार्थात जिलेटिन आहे का, त्यासाठी पुन्हा आत. मी शेवटी ब्रेड, लोणी आणि उकडलेला बटाटा खाल्ला, आणि ती नेमकी नटूनथटून जेवायची रात्र होती. नारायणपेठी नेसून बटाटा.

तिसऱ्या दिवशी सकाळी, अलास्कातल्या केचिकान बंदराला उतरायच्या आधी, मी डायनिंग हॉलच्या मुख्य माणसाला गाठलं. इंग्रजी माझं कामापुरतं आहे, पण खानावळवाल्याला खानावळवाला समजतो. त्याने कागद बघितला. पहिल्या पंगतीत आठ जणांच्या टेबलावरून एक कुटुंब उशिराच्या पंगतीला गेलं होतं, चार खुर्च्या मोकळ्या होत्या. लेकीचा चेहरा पडला. साडेपाच म्हणजे आई, चहाची वेळ! मी तिला घड्याळ दाखवलं. आदल्या रात्री जहाजाची घड्याळं अलास्काच्या वेळेसाठी एक तास मागे केली होती. म्हणजे साडेपाच झाले की तिच्या पोटात साडेसहा वाजलेले.

आमचा वाढपी वास्कोचा निघाला. जहाजांवर गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यात नवल नाही. नवल त्याच्या डोक्याचं. पहिल्या दिवशी त्याने चौघांचं सगळं एकदाच विचारून घेतलं. ह्यांना साखर नाही, मला अंडं नाही, लेकीला मशरूम नाही, जावयांना सगळं चालतं. त्यानंतर आम्हाला सूप कशाचं हे विचारावंच लागलं नाही. मेनूकार्ड देताना तोच बोट ठेवायचा, हे आंटीला चालेल, हे नाही. ह्यांचं इन्शुलिन त्याच्या लक्षात असायचं. पाच अठ्ठावीसला आम्ही दारात, पाच पस्तीसला ह्यांच्यापुढे ब्रेड आणि सॅलड. आणि उठायच्या आधी खिशातली वही काढून कोकणीत, “आंटी, फाल्यां कितें जाय?” उद्या काय हवं?

चौथ्या संध्याकाळपासून माझ्या ताटाच्या डाव्या हाताला एक बशी असायची. चहाच्या कपाखालची असते तेवढी, पांढरी. तीत दोन हिरव्या मिरच्या, मधोमध चिरून मीठ भरलेल्या, आणि लिंबाची एक फोड. मी मागितल्या नव्हत्या. तिसऱ्या रात्री डाळ खाताना मी मिरपुडीची दांडी बराच वेळ पिळत बसले होते, ते त्याने पाहिलं होतं. मिरची आपल्यासारखी नव्हती, जाड सालीची आणि जरा गोडसर. पण डाव्या बाजूला वाढली होती. मिरची-लिंबू ताटात डावीकडे असतं हे त्या जहाजावर आणखी कोणाला सांगून कळलं असतं?

जेवणाला गुण देते. डाळीला दहापैकी पाच: टोमॅटो फार, हिंगाचा पत्ता नाही. भाताला नऊ, शीत न् शीत मोकळं. रोटी फ्रीजरमधली, तिला गुण नाहीत. फुलकोबीची भाजी एकदा अप्रतिम झाली आणि दुसऱ्यांदा तिचा लगदा. गोडात फळं खावीत. मासे खाणाऱ्यांनी माझ्याकडे बघू नये, जावई रोज सामन खात होते आणि बोलत नव्हते, यावरून काय ते समजा.

पंगतीचे तोटे नाहीत असं नाही. जूनोला आम्ही देवमासे बघायला गेलो. ऑक बे नावाच्या बंदरातून बोट सुटते. तिथे जूनमध्ये सूर्य दहापर्यंत मावळत नाही, त्यामुळे वेळेचं भान राहत नाही. देवमाशाची शेपटी पाण्यातून वर आली की बोटीवरची सगळी माणसं एका बाजूला. परत जहाजावर आलो तेव्हा पावणेआठ. आमची पंगत उठून दुसरीची पानं मांडत होते. वरच्या मजल्यावर बुफेत गेलो, पिझ्झा खाल्ला, झालं. दुसऱ्या दिवशी वाढपी म्हणाला, “काल खंय आशिल्लीं तुमी?” डाळ केली होती, मिरच्या चिरून ठेवल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाडा आदल्या दिवशी सांगावा, नाहीतर पैसे कापले जातील, अशी पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवून 26 वर्षं भिंतीवर लावली होती. इथे खाड्याचे पैसे परतही मिळत नाहीत, कारण जेवण तिकिटातच धरलेलं असतं. सर्व्हिस चार्ज मात्र खाडा असो-नसो रोजचा कापतात. तो साधारण माणशी दिवसाला 16 ते 20 डॉलर असतो, तो तिकिटाच्या किमतीत धरूनच हिशोब करा.

दुसरा तोटा शेजाऱ्यांचा. टेबलावर मिनेसोटाचं एक म्हातारं जोडपं होतं, मका आणि सोयाबीन लावणारं. आमचं उत्तम जमलं. पाऊस आणि भाव यावर कुठल्याही देशातला शेतकरी तासभर बोलू शकतो आणि आमचे हे मूळचे बारामतीकडचे. पण उरलेल्या दोन खुर्च्यांवरच्या बहिणी पाचव्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या, न सांगता. वाढपी रोज त्यांच्यासाठी दहा-पंधरा मिनिटं थांबायचा, मग ऑर्डर घ्यायचा. तेवढा वेळ आठ जण दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत ब्रेड कुरतडतात. आठ नाही, सहा. ह्यांनी तर एकदा त्यांचा ब्रेडही संपवला.

स्कॅगवे बंदराला मात्र पंगत आडवी आली नाही. व्हाइट पासची आगगाडी सकाळची घेतली. सोन्याच्या शोधात माणसं धावली तेव्हा, 1898 मध्ये बांधायला घेतलेली, आपल्या माथेरानच्या 2 फुटी रुळांपेक्षा थोडी रुंद, 3 फुटी. तीनेक तासांत परत. पंगत पहिली घेतलीत तर सहली सकाळच्या घ्या, एवढंच. दुपारच्या घ्यायच्या असतील तर दुसरी पंगत. आठ-साडेआठ ही आपल्याकडची घरची वेळ, मुलं सोबत नसतील तर मी कोणालाही तीच सुचवेन. आम्हाला इन्शुलिनमुळे पहिली बरी पडली.

शेवटच्या संध्याकाळी जहाज व्हिक्टोरियाला लागतं. 1886 चा एक अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतताना मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं, म्हणून कॅनडात चार तास. आमचं जहाज आठला लागलं. पहिल्या पंगतीवाले जेवून, हात धुऊन, स्वेटर घालून दारात उभे. दुसऱ्या पंगतीवाल्यांना त्या दिवशी जेवण आणि व्हिक्टोरिया यातलं एक निवडायचं होतं आणि सोयीची वेळवाले सगळे, अर्थातच, साडेसहाला रांगेत.

लेक आता पुढच्या वर्षी नॉर्वेचं बघतेय. जावयांना पुन्हा सोयीची वेळ हवी आहे, साडेपाचला जेवणं त्यांच्या मनाला लागलंय. मी म्हटलं, घ्या. तुम्ही दोघं डबा थरथरेपर्यंत उभे राहा. आमच्या दोघांची बुकिंग वेगळी कर, आणि त्यात लिही: मोठं टेबल, दुसरी पंगत चालेल, भटारखान्याच्या दाराजवळचं नको.