१०,८०० रुपयांसाठी गोठलेलं खातं

थायलंडमध्ये ओळखीच्या माणसाला बाट (तिथलं चलन) द्यायचे आणि त्याने आपल्या भारतातल्या खात्यात रुपये टाकायचे, हा प्रकार तिथे शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. बँकेचं शुल्क वाचतं आणि भाव चार पैसे जास्त मिळतो. मीही हेच केलं. त्यापायी आमचं विट्याचं खातं गोठलं, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे त्यात अडकले आणि भावाने दोन राज्यांतल्या पोलीस ठाण्यांचे खेटे घातले. वर्ष उलटून गेलं तरी मी कुणापाशी बोलले नव्हते. इंग्रजीची एम.ए., बी.एड. बाई असून तुला कळलं कसं नाही, हे मला ऐकून घ्यायचं नव्हतं. पण मागच्या आठवड्यात नुकत्याच तिकडे गेलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही पैसे घरी कसे पाठवायचात?" म्हणून लिहिते आहे.

इथे विनाअनुदानित शाळेत मला महिना ८,००० रुपये मिळायचे, तेही तीन-तीन महिने थकवून. नोव्हेंबर २०२२ मध्ये थायलंडच्या ईशान्येकडच्या ईसान भागात, कोरात शहराच्या पुढे एका गावात नोकरी लागली. करार २५,००० बाटचा. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण शाळा आणि आपण यांच्या मध्ये एजन्सी असते. एप्रिलमध्ये शाळा बंद म्हणून पगार बंद, ऑक्टोबरच्या सुट्टीत अर्धाच. खोलीचं भाडं ३,५०० बाट, विजेचा युनिट ८ बाट. एसी मी दोन उन्हाळे लावला नाही, ओला टॉवेल पंख्यासमोर टाकून झोपायचे. दुपारी शाळेच्या कॅन्टीनचा भात, रात्री स्वतः लाटलेल्या पोळ्या. असं करून मार्च २०२४ पर्यंत १,६०,००० बाट साठवले. हा हिशेब एवढ्यासाठी सांगते की हे पैसे लॉटरीत आले नव्हते.

बँकेतून का नाही पाठवले, हे सगळेच विचारतात. तिथल्या बँकेत पैसे बाहेर पाठवायचे तर वर्क परमिट दाखवा म्हणाले, आणि माझं वर्क परमिट एजन्सीच्या कपाटात. नूतनीकरणाला दिलंय, पुढच्या आठवड्यात मिळेल, असं मला पाच आठवडे ऐकवलं गेलं. घराच्या कर्जाचा १४,३०० रुपयांचा हप्ता आमच्या खात्यातून जातो, तो काही माझ्या वर्क परमिटसाठी थांबत नाही. (ज्या कुणी आत्ता कराराच्या वाटाघाटी करत असतील त्यांनी हे आधी ठरवून घ्या: वर्क परमिट आपल्या ताब्यात. ते तुमचं कागदपत्र आहे, एजन्सीचं नाही.)

तो माणूस मला २०२३ च्या गणपतीत बँकॉकला भेटला. आरतीला टाळ वाजवत होता, बोलणं नाशिककडचं. मला "ताई" म्हणाला, घरी कोण कोण असतं विचारलं, मोदक घेऊन जा म्हणाला. दहा महिने मराठी कानावर न पडलेल्या बाईला एवढं पुरतं. आमच्या ग्रुपमधल्या निदान सहा शिक्षकांनी त्याच्याकडून पैसे पाठवले होते, कुणाची तक्रार नव्हती. ऑक्टोबरमध्ये मी १०,००० बाट दिले, वीस मिनिटांत खात्यात २३,३०० रुपये. डिसेंबरात ३०,००० दिले, ७२,६०० आले. दोन्ही वेळा पै न पै बरोबर. मोठ्या रकमेआधी विश्वास असाच बसवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मलाही ते माहीत होतं. फक्त मी घाबरत होते ते पैसे न येण्याला. येणारे पैसेच घाण असतील, हे डोक्यात आलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याने १,२०,००० बाटसाठी, एका बाटला २.३६ रुपये, असा भाव सांगितला. बँकेतून सगळं कापून मला २.२७ पडत होता. म्हणजे २,७२,४०० च्या जागी २,८३,२००. फरक १०,८०० रुपये. त्या दिवशी बाजारातला मूळ भावच २.३१ च्या आसपास होता. बाजारापेक्षा जास्त भाव कुणी देतो तेव्हा त्याचं नुकसान कोण भरतं, एवढा एकच प्रश्न मी विचारायला हवा होता. ज्याला रुपये फुकट मिळालेत तोच ते स्वस्तात विकू शकतो.

बुधवार, ६ मार्च. वार्षिक परीक्षा चालू होती, मी सातवीच्या वर्गावर पर्यवेक्षक. ठरल्याप्रमाणे पहिले ६०,००० बाट सकाळी पाठवले. खातं एका थाई बाईच्या नावावर. "बायकोचं आहे ताई." सव्वाअकराला फोन थरथरला: ९८,५०० जमा. पाठवणारा, कुठलंसं एंटरप्रायझेस. चार मिनिटांनी ४३,१०० जमा, एका पुरुषाच्या नावावरून, आडनाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही. बेरीज बरोबर १,४१,६००. मी टेबलाखाली फोन धरून लिहिलं, "ही नावं कोणाची?" उत्तर लगेच आलं, जसं काही टाइप करूनच ठेवलं होतं: "दुकानाची खाती आहेत ताई, टेन्शन घेऊ नका." एक मुलगा पेपर घेऊन टेबलापाशी उभा होता. "टीचर, फिनिश." मी त्याचा पेपर घेतला, नाव लिहिलंय का बघितलं, नव्हतं, त्याला परत जागेवर पाठवलं.

सातवीच्या पोराने पेपरवर नाव घातलं नाही तर मी घेत नाही. आणि त्याच मिनिटाला अनोळखी नावाचे ९८,५०० मी घेतले.

ते नाव बघूनही मी तिथेच थांबले असते तर निम्म्यावर निभावलं असतं. पुढचे ६०,००० बाट अजून माझ्या खात्यात होते. दुपारी एक वाजता कॅन्टीनमध्ये बसून मी ते पाठवले. नको म्हटलं तर त्याला वाईट वाटेल, गणपतीत ओळख झालेला माणूस, असा विचार केल्याचं मला लख्ख आठवतं. ७६,१०० आणि ६५,५०० आले, आणखी दोन वेगळ्या नावांवरून. मी त्याला आभाराचा मेसेजही केला.

९ एप्रिलला भावाचा फोन आला. हप्ता बाउन्स झाला होता, वर ५९० रुपये दंड. खात्यात ५,०७,३४० रुपये दिसत होते आणि एक रुपया निघत नव्हता. त्यात माझे २,८३,२०० होते, पतसंस्थेतून सुटलेली बाबांची १,८५,००० ची ठेव होती आणि उरलेले घरखर्चाचे. खातं माझं आणि आईचं मिळून. आईचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलेलं. मी त्या माणसाला फोन लावला तर नंबर बंद, ग्रुपमधून नाव गायब. ज्या सहा जणांनी त्याची शिफारस केली होती, त्यांतले तिघे नंतर म्हणाले की आम्ही तर त्याला नीट ओळखतही नव्हतो.

आता पुढचं ऐका, कारण खरा मनस्ताप इथून सुरू झाला.

शाखेत भावाला सांगितलं, वरून आलंय, आमच्या हातात काही नाही, पोलिसांची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणा. कुठल्या पोलिसांची? ते सांगायला नऊ दिवस. पैसे लुटले गेल्याच्या दोन तक्रारी निघाल्या: ६५,५०० साठी दक्षिणेतल्या एका राज्यातून, ४३,१०० साठी उत्तरेतल्या एका. मिळून १,०८,६००. मग पाच लाखांचं अख्खं खातं का बंद? "सिस्टिममध्ये तसंच येतं." वादाची रक्कम तेवढी अडकवा, बाकीची मोकळी करा, असा लेखी अर्ज आम्ही तीनदा दिला. पहिल्या दोन अर्जांची पोचसुद्धा दिली नाही. तुम्ही अर्ज द्याल तेव्हा दोन प्रती न्या आणि शिक्का मारल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. "किती पैसे गेले?" भाऊ म्हणाला, गेले नाहीत, आलेत. पलीकडे शांतता. ती हेल्पलाइन पैसे गेलेल्यांसाठी आहे. आमच्यासारख्यांचं गाऱ्हाणं कुठे लिहायचं हे त्यांनाही सांगता येईना. आमच्या इथल्या पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "तुमची फसवणूक कुठे झालीय? तुम्हाला तर पूर्ण पैसे मिळालेत." हे वाक्य मी विसरणार नाही. माझ्या घामाचे स्वच्छ १,२०,००० बाट घेऊन मला चोरीचे रुपये दिले, याला फसवणूक म्हणत नाहीत. थायलंडच्या ठाण्यात मी शाळेतल्या एका थाई बाईंना सोबत घेऊन गेले. त्यांनी नोंद करून कागद दिला आणि म्हणाले, पैसे तुम्ही आपणहून पाठवलेत, त्याबदल्यात रुपये मिळालेत, मग गुन्हा कसला?

दक्षिणेतल्या ठाण्याला आम्ही सात ई-मेल केले. एकालाही उत्तर नाही. फोन उचलला की "प्रत्यक्ष या." भाऊ गेला. आमच्या भागातली गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) माणसं देशभर पसरलेली आहेत, म्हणून त्या शहरात एका विटेकराच्या दुकानावर झोपायची सोय झाली, नाहीतर तेवढाही आधार नव्हता. पहिल्या दिवशी तपास अधिकारी बंदोबस्ताला, दुसऱ्या दिवशी सुट्टीवर, तिसऱ्या दिवशी अकरा ते पाच बाकावर. शेवटी कळलं की ते ६५,५०० एका निवृत्त माणसाचे होते, त्याला शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली लुटलं होतं. भाऊ म्हणाला, त्याचे त्याला देऊन टाका, आम्ही लेखी देतो. तरी कोर्टाचा आदेश लागला, आणि त्याला आणखी साडेचार महिने. पोलिसांनी मालमत्ता जप्त केली की ताबडतोब मॅजिस्ट्रेटला कळवायचं, असं तेव्हाच्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम १०२ मध्ये लिहिलेलं होतं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ मध्ये आहे. आमच्या खात्याबद्दल कुणी कुणाला कळवलं होतं ते वकिलालाही फायलीत सापडलं नाही. ज्याच्या खात्यात पैसे दिसतात त्याला पकडायला सोपं, म्हणून आम्ही. तो टाळ वाजवणारा कुठे आहे हे मला एकाही ठाण्यात विचारलं नाही. त्याचा फोटो, चॅट, थाई खात्याचा नंबर, सगळं मी पाठवलेलं आहे.

मधल्या काळात भावाला एक फोन आला: ४०,००० द्या, आठवड्यात खातं मोकळं करतो. खात्याचा नंबर, अडकलेली रक्कम, सगळं त्याला माहीत होतं. ही माहिती बाहेर कशी गेली? असा फोन तुम्हाला आला तर ठेवून द्या. तक्रारदार म्हणून कुणी फोन करून परस्पर पैसे मागितले तरी देऊ नका, जे द्यायचं ते कोर्टामार्फत.

वकिलाने ३५,००० घेतले आणि पहिल्या भेटीत सांगितलं की ताई, मोठ्याने बोलू नका. परदेशात राहणाऱ्याच्या वतीने इथे असे रुपये घेणं हेच मुळात फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) कलम ३ विरुद्ध आहे. माझं खातंही साधं बचत खातं होतं. परदेशी नोकरीला गेल्यावर ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं साधं रुपयांतलं खातं) करायला हवं होतं, हे बँकेतल्या कुणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परदेशी नोकरीला गेलात की एनआरई खातं (अनिवासी भारतीयांनी परदेशातली कमाई ठेवायचं खातं) उघडा. ते पूर्ण वेगळं ठेवा, आईवडिलांचं नाव नि घराचा हप्ता त्याला जोडू नका. माझं वेगळं असतं तर आईचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं असतं. ते झालं नोव्हेंबरात, मावशीकडून १,५०,००० उसने घेऊन. तोवर सहा महिने आई जिना बसून उतरायची.

दक्षिणेतली तक्रार मिटली, ६५,५०० त्या माणसाला परत गेले, खातं सुरू झालं. ४३,१०० वर अजून होल्ड आहे. उत्तरेतल्या त्या ठाण्यात आतापर्यंत तीन तपास अधिकारी बदलले, आणि मागच्या सोमवारी चौथ्याने भावाला सांगितलं की फाइल सापडली की कळवतो.