नाशिकहून सांधण दरी, भाड्याच्या गाडीने
गाडी किती नवी आहे, एसी नीट चालतो का आणि सीट स्वच्छ आहेत का, एवढे पाहून मी आजवर भाड्याची गाडी ठरवत आले. सांधण दरीच्या दोन फेऱ्या झाल्यावर मात्र मी आधी वेळ विचारते. दोनशे फुटांहून अधिक उंचीच्या दोन कातळभिंतींमधल्या त्या अरुंद घळीत ऊन उतरते ते माध्यान्हीच्या आसपास थोड्या वेळापुरते, आणि तेही काही ठिकाणीच. त्यामुळे नाशिकहून निघालेली गाडी दरीजवळच्या साम्रद गावात किती वाजता पोहोचवते आणि तिथे किती तास निवांत थांबते, यावर त्या दिवसाचे सारे अवलंबून असते. या निकषावर आमची पहिली फेरी फसली आणि दुसरी उत्तम झाली.

पहिल्या फेरीसाठी शहरातल्या एका कंपनीकडून गाडी ठरवली होती. सकाळी सहाला येणारी गाडी सव्वासातला आली. चालक तरुण आणि सौजन्यशील होता, परंतु घोटीच्या पुढे तो पहिल्यांदाच येत होता. भंडारदऱ्याला शेंडी गावाच्या पुढे मोबाइलची रेंज गेली, नकाशा थांबला, आणि जलाशयाला वळसा घालणाऱ्या दोन रस्त्यांपैकी कोणता धरायचा यात आमचा बराच वेळ गेला. आम्ही दुपारी एकला साम्रदला पोहोचलो, आणि संध्याकाळी गाडी दुसऱ्या भाड्याला द्यायची असल्याने चारच्या आत निघा, असा निरोप त्याला कार्यालयातून आधीच मिळालेला होता. बिल आले ते किमान 300 किलोमीटरच्या हिशोबाने, तर जाऊन-येऊन प्रत्यक्ष अंतर 210 किलोमीटर भरले होते. बाहेरगावच्या फेरीला असा किमान अंतराचा नियम सर्रास लावला जातो, हे मला मान्य आहे. परंतु तो गाडी ठरवतानाच स्पष्ट सांगायला हवा होता. घरच्या तीन माणसांचा दिवस आणि चार हजारांहून अधिक रुपये खर्चून आम्हाला दरीत जेमतेम सव्वा तास मिळाला, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून जानेवारीच्या अखेरीस पुन्हा जायचे ठरले तेव्हा पंचवटीतल्या थांब्यावर स्वतःची डिझायर चालवणाऱ्या एका काकांना फोन केला. दराआधी त्यांनीच चार प्रश्न विचारले: माणसे किती, वयस्कर कोण आहे, पाण्यात कोण उतरणार आहे, आणि साम्रदला जेवणाचे सांगून ठेवले आहे का. माझे वडील 71 वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा दुखरा आहे, हे कळल्यावर ते म्हणाले, "ताई, साडेपाचला निघू. तुमच्या बाबांना दर तासाला पाय मोकळे करायला उतरवू, तरी नऊ-साडेनऊपर्यंत पोचतो." भाडे 3,500 रुपये ठरले, त्यात टोल, पार्किंग आणि त्यांचे जेवण धरलेले होते, आणि निघायची घाई त्यांच्याकडून होणार नाही, असे त्यांनी आपणहून सांगितले. जेवणाचा निरोपही त्यांनीच साम्रदमधल्या एका ओळखीच्या घरी पाठवला.

साडेपाचला पाच मिनिटे कमी असताना गाडी दाराशी उभी होती. मुंबई-आग्रा महामार्गाने घोटीपर्यंतचा प्रवास अंधारातच झाला. घोटीला चहा घेऊन डावीकडे भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडत होते, आणि बारी गावाजवळ पोहोचेपर्यंत 1,646 मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर ऊन आले होते. पुढच्या वळणांवर काकांनी एकदाही घाईने गाडी पुढे काढली नाही. समोरून येणाऱ्या एसटीला वाट देण्यासाठी ते वळणाच्या आधीच थांबत, आणि त्या प्रत्येक थांब्याला बाबा दार उघडून पाय लांब करून घेत. अभयारण्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क भरावे लागते. त्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवा असे त्यांनी आदल्या रात्रीच सांगितले होते. तेथून घाटघरच्या बाजूने गेलो. उजवीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही किल्ले दिसत राहतात, आणि डावीकडे झाडांच्या फटींतून 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचे पाणी दिसते. सव्वानऊला साम्रद आले.

गावातून दरीचे तोंड पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आम्ही गावातला एक वाटाड्या बरोबर घेतला, आणि प्रत्येकाने घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण आत वाट अशी नाहीच. वरून कोसळलेल्या लहानमोठ्या दगडांच्या राशीवरून पाऊल टाकत जावे लागते. दगड हलतो की नाही हे तो काठी टेकवून पाहायचा आणि मगच माझ्या मुलीला पुढे बोलवायचा. "हिरव्या दगडावर पाय नको, ताई, कोरडा काळा बघून द्या," हे त्याने इतक्यांदा सांगितले की परत येताना मीच ते बाबांना सांगत होते.

सह्याद्रीचा हा सगळा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे, हे शाळेत शिकलेले असते. सांधणच्या भिंतीशी उभे राहिल्यावर ते थर हाताने मोजता येतात. एक थर घट्ट, गुळगुळीत आणि थंड लागतो. त्याच्या वरचा ठिसूळ, बारीक छिद्रांचा, आणि त्या छिद्रांतून पांढऱ्या खनिजाचे कण चमकतात. कातळाला पडलेल्या उभ्या भेगेत पावसाचे पाणी वर्षानुवर्षे शिरत, ठिसूळ भाग पोखरत गेले आणि ही घळ तयार झाली. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकतात. आकाश डोक्यावर निळ्या नाडीएवढे उरते. अकराच्या सुमारास ऊन वरच्या काठावरून भिंतीवर उतरू लागले. त्याची कडा इतकी स्पष्ट होती की एका शेवाळलेल्या खाचेपासून तिच्या खालच्या खाचेपर्यंत ती सरकताना आम्ही बसून पाहिली. खालच्या पाण्यात त्या उजेडाचे प्रतिबिंब पडले आणि आमच्या समोरची काळी भिंत पाण्याच्या हालचालीबरोबर उजळू लागली. पहिल्या फेरीत हे पाहायला आम्ही दोन तास उशिरा पोहोचलो होतो.

पाण्याचे दोन टप्पे ओलांडावे लागतात. पहिला गुडघ्याच्या थोडा वर होता आणि दुसरा कमरेपर्यंत. पावसाळ्यानंतर लगेच गेल्यास दोन्ही याहून खोल असतात. बाबा पहिल्या पाण्याच्या अलीकडे एका सपाट दगडावर बसून राहिले, आणि त्यांच्यासोबत काका थांबले. गाडीत झोप काढायची सोडून ते खाली आले होते, हे त्यांच्या कामात मोडत नव्हते. मी आणि मुलगी कोकणाच्या बाजूच्या पहिल्या मोठ्या उतारापर्यंत गेलो. तेथून पुढे दोर लागतो आणि अनुभवी चमूखेरीज जाऊ नये. पावसाळ्यात तर दरीत उतरूच नये. वरच्या बाजूला पाऊस झाला तर या घळीतून पाण्याचा लोंढा येतो आणि दोन्ही भिंतींवर चढायला जागा नाही.

परत आलो तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरून वर जुनी चादर घातलेली होती, ओले कपडे बदलायच्या आधी आम्हाला बसता यावे म्हणून. जेवायला तांदळाची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा आणि वरणभात मिळाला. भात गावचाच होता, आणि बाबांनी तो तिसऱ्यांदा मागून घेतला. परतीला काकांनी रतनवाडीची बाजू धरली. तिथले हेमाडपंती अमृतेश्वर मंदिर रस्त्यालगतच असल्यामुळे ज्यांना दरीत उतरता येत नाही त्यांच्यासाठी ते फार सोयीचे आहे. खांबांवरचे कोरीव काम पाहत बाबा अर्धा तास रमले.

उणिवाही सांगायला हव्यात. मागच्या सीटचे पट्टे कव्हरखाली दडपलेले होते. मी म्हटल्यावर काकांनी घोटीला चहाच्या वेळी ते काढून दिले, परंतु ते आधीच बाहेर असायला हवेत. साम्रदच्या अलीकडे रस्ता खराब आहे आणि दोन ठिकाणी गाडीचा तळ घासला, म्हणून चारांपेक्षा अधिक माणसे असतील तर उंच गाडी घ्यावी. शेंडीच्या पुढे फोनवरून पैसे पाठवता येतील याची खात्री नसते. वाटाड्याचे आणि जेवणाचे पैसे रोखच न्यावेत.

आठ वाजता घरी पोहोचलो. मीटरवर 208 किलोमीटर झाले होते आणि काकांनी ठरलेले 3,500 रुपयेच घेतले. ते निघाल्यावर बाबांनी फोनशेजारची वही उघडली आणि त्यांचा नंबर 'स' या पानावर, 'सांधण' असे नाव घालून, लिहून ठेवला.